काळी एल्डरबेरी: परंपरा काय सांगते आणि जाहिरातीत काय गळते

करोनाच्या साथीत ज्या वनस्पतींची नावे एकाएकी सर्वतोमुखी झाली, त्यांत काळ्या एल्डरबेरीचे नाव फार वर होते. २०२० मध्ये अमेरिकेतील मोठ्या किरकोळ दुकानांतून विकल्या गेलेल्या वनौषधी पूरकांमध्ये तिने पहिला क्रमांक गाठला. तेव्हापासून थंडी पडू लागली आणि फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या की गडद जांभळ्या सिरपच्या, चघळायच्या गोळ्यांच्या आणि कॅप्सूलच्या जाहिराती दिसू लागतात, आणि त्यांतल्या बहुतेकींत ‘शतकानुशतकांची परंपरा’ हे शब्द असतातच. त्याच सुमारास दुसरीकडे कुठेतरी असेही वाचायला मिळते, की हे फळ कच्चे खाल्ले तर उलट्या होतात आणि याच्या पानांत सायनाइड तयार होते. वाचणारा साहजिकच गोंधळतो. एकच झाड औषधी आणि विषारी दोन्ही कसे असेल, आणि युरोपातल्या लोकांनी ते इतकी शतके घराशेजारी कसे वाढू दिले?

ही दोन्ही विधाने बरोबर आहेत. त्यांचा मेळ घालायचा तर झाडाचा कोणता भाग, कोणत्या अवस्थेतला आणि कशी प्रक्रिया केलेला, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात. जुन्या वापरात या तिन्हींची उत्तरे गृहीत धरलेली होती. बाटलीवरच्या मजकुरात मात्र ती सहसा उतरत नाहीत, आणि माझ्या मते या वनस्पतीविषयीचे बहुतेक गैरसमज तिथेच जन्माला येतात.

हे झाड नेमके कोणते?

एल्डरबेरी हे फळ ज्याला लागते त्या काळ्या एल्डरचे शास्त्रीय नाव सॅम्ब्युकस नायग्रा. युरोपचा बहुतेक भाग, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका हे त्याचे मूळ क्षेत्र. थंडीत पाने गाळणारे हे मोठे झुडूप किंवा लहान झाड साधारण सहा मीटरपर्यंत आणि अनुकूल जागी त्याहूनही उंच वाढते. खोडाची साल जुनी होत जाते तशी बुचासारखी जाड आणि भेगाळलेली होते. पाने संयुक्त असतात, म्हणजे एका देठावर पाच किंवा सात दातेरी पर्णिका येतात, आणि अशी दोन पाने फांदीवर समोरासमोर फुटतात. पान चुरडले तर त्याला उग्र, नकोसा वास येतो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांद्यांच्या टोकांशी छत्रीसारखे पसरट फुलोरे येतात. एकेक फूल काही मिलिमीटरचे, पाच पाकळ्यांचे आणि मलईच्या रंगाचे असते, पण असा एक फुलोरा हाताच्या पंजाहून मोठा भरतो. पुढे फळे धरली की त्यांच्या वजनाने तीच छत्री खाली झुकते. पिकलेले फळ सहा ते आठ मिलिमीटरचे, चकचकीत आणि काळ्या रंगाच्या जवळ जाणारे जांभळे असते, आणि ज्या देठांना ते लागते तेही बहुधा लालसर जांभळे झालेले असतात.

नायट्रोजनने समृद्ध असलेली जमीन या झाडाला मानवते. त्यामुळे जिथे माणसाची किंवा जनावरांची वस्ती असते, उकिरडे आणि खताचे ढीग असतात, पडकी घरे असतात, तिथे ते आपणहून उगवते. फळे खाणारे पक्षी त्याचे बी दूरवर नेऊन टाकतात. स्वित्झर्लंडमधील सरोवराकाठच्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात एल्डरच्या बिया सापडल्या आहेत, त्यावरून माणसाचा आणि या झाडाचा शेजार किती जुना आहे याची कल्पना येते. औषधासाठी ज्याच्या शोधात रानोमाळ हिंडावे लागत नाही, हात लांबवला की जे मिळते, अशा झाडाचे सर्व भाग लोक वापरून पाहतात. एल्डरच्या बाबतीत तसेच झाले.

एकाच झाडात खाद्य आणि विष कसे?

एल्डरच्या पानांत, सालीत, देठांत आणि हिरव्या फळांत सॅम्ब्युनिग्रिन नावाचा पदार्थ असतो. तो सायनोजेनिक ग्लायकोसाइड या गटातला आहे. या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच, की साखरेच्या रेणूला बांधलेला असा पदार्थ, जो फुटला तर त्यातून हायड्रोजन सायनाइड बाहेर पडू शकते. बांधलेला असतो तोवर तो शांत असतो. तो फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, वनस्पतीच्या ऊतींमध्ये त्याच्यापासून अलग ठेवलेले असते. काडेपेटीत काडीचा गुल आणि पेटीची खरखरीत बाजू ही रसायने मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात आणि घासली गेली तरच ज्वाला निघते, तशी ही व्यवस्था आहे. किडीने पान कुरतडले, जनावराने फांदी चघळली किंवा माणसाने हिरवी फळे आणि देठ एकत्र ठेचले, की पेशी फुटतात, विकर आणि ग्लायकोसाइड एकत्र येतात आणि विषारी वायू सुटू लागतो. झाडाच्या दृष्टीने हा स्वसंरक्षणाचा मार्ग आहे. कसावाच्या कंदात आणि सफरचंदाच्या बियांत याच गटातले पदार्थ असतात.

आता भागांमधला फरक पाहू. पानांत सॅम्ब्युनिग्रिनचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि देठांत व कच्च्या फळांतही ते लक्षणीय असते. फळ पिकत जाते तसे हे प्रमाण घटते. फुलांतही ते कमी असते. झाडाला आपली पाने शाबूत हवी असतात, पण पिकलेले फळ पक्ष्यांनी खावे आणि बी पसरवावे यातच त्याचा फायदा असतो, हे लक्षात घेतले तर ही विभागणी सहज पटते.

पण गोष्ट सायनाइडपाशी संपत नाही, आणि बरेच लेख इथेच थांबतात म्हणून थोडे अधिक सांगणे मला गरजेचे वाटते. एल्डरमध्ये लेक्टिन नावाची प्रथिनेही असतात. पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करा-रेणूंना चिकटणे हा लेक्टिनांचा गुणधर्म. ती आतड्याच्या अस्तराला त्रास देऊ शकतात. पिकलेली पण न शिजवलेली एल्डरबेरी मूठभर खाऊन ज्यांना मळमळ, उलट्या किंवा जुलाब झाले, त्यांच्या त्रासामागे सायनाइडपेक्षा या प्रथिनांचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. याच झाडाच्या सालीतले एक लेक्टिन फ्लूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत उपयोगी पडते. माणसाच्या श्वसनमार्गातील ज्या शर्करा-रेणूला फ्लूचा विषाणू पकडतो, त्यालाच हे लेक्टिन चिकटते, त्यामुळे तो रेणू ऊतीत कुठे आहे हे शोधायला संशोधक त्याचा वापर करतात. यावरून एल्डर फ्लूवर औषध आहे असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

उष्णता या दोन्ही अडचणींवर उपाय ठरते. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून उघड्या भांड्यात रस नीट उकळला की सुटलेला वायू उडून जातो. जास्त वेळ शिजवले तर ग्लायकोसाइडचे प्रमाणही घटते. लेक्टिने प्रथिने असल्याने उष्णतेने त्यांची घडण मोडते आणि त्यांची चिकटण्याची क्षमता कमी होते. युरोपातल्या स्वयंपाकघरांत एल्डरबेरीचा मुरंबा, सूप किंवा सिरप करताना फळ शिजवण्याची रीत रूढ होती. ती ज्यांनी घालून दिली त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण कच्चे खाल्ले की काय होते हे त्यांनी पाहिले होते.

कॅलिफोर्नियातील १९८३ ची घटना

ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे परगण्यात एका दुर्गम जागी काही लोक जमले होते. तिथे त्यांना एल्डरबेरीचा रस देण्यात आला. दोन दिवस आधी रानातून आणलेली फळे पाने आणि फांद्यांसकट ठेचून, त्यांत सफरचंदाचा रस, पाणी आणि साखर मिसळून तो केला होता. रस प्यायल्यावर थोड्याच वेळात अकरा जणांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. काहींना पोटात कळा आल्या, काहींना चक्कर आली आणि हातपाय बधिर झाल्यासारखे वाटले. आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवावे लागले. सर्वांत जास्त, पाच पेले रस प्यायलेल्या व्यक्तीला गुंगी आल्यामुळे दाखल करून घ्यावे लागले. सगळे बरे झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ही घटना पुढच्या वर्षी आपल्या अहवालपत्रात नोंदवली.

ते झुडूप काळ्या एल्डरच्या जवळच्या नात्यातली पश्चिम अमेरिकेतली जात होती, पण धडा दोघांना सारखाच लागू होतो. तिथे जे झाले त्यात वर सांगितलेल्या प्रश्नांपैकी भाग आणि प्रक्रिया या दोन्हींची उत्तरे चुकली होती. नको ते भाग रसात गेले, ते पेशी फुटेपर्यंत ठेचले गेले, आणि रस उकळला गेला नाही.

परंपरेत काय होते?

‘पारंपरिक उपयोग’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकदम औषध येते. एल्डरच्या परंपरेत औषध होते, पण त्याच्या जोडीला स्वयंपाक, रंगकाम, खेळणी, वाद्ये आणि श्रद्धा अशा कितीतरी गोष्टी होत्या.

औषधापासून सुरुवात करू. प्राचीन ग्रीक आणि रोमन वैद्यकात एल्डरचे उल्लेख आहेत. तिथे त्याचा उपयोग मुख्यतः पोट साफ करण्यासाठी आणि शरीरात साठलेले पाणी काढण्यासाठी सांगितला आहे. मुळे, साल आणि पाने ही तीव्र रेचके म्हणून दिली जात. आज कोणताही जबाबदार चिकित्सक ती पोटात घ्यायला सांगणार नाही, कारण तो ‘गुण’ बव्हंशी विषारीपणाचाच परिणाम होता. या झाडाविषयीचा आदर सतराव्या शतकात इतका वाढला होता, की मार्टिन ब्लॉखविट्झ या जर्मन वैद्याने १६३१ मध्ये निव्वळ एल्डरच्या औषधी उपयोगांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १६५५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. डोक्यापासून पायापर्यंतच्या व्याधींवर झाडाच्या वेगवेगळ्या भागांचे योग त्यात दिलेले आहेत. एवढ्या रोगांवर एकच झाड चालते असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते झाड सर्वांच्या हाताशी होते आणि दुसरे औषध फारसे नव्हते, हेही त्यातून वाचले पाहिजे.

या सगळ्या उपयोगांतून जो एक आजवर टिकला आणि ज्याला अधिकृत मान्यताही मिळाली, तो फुलांचा. सुकवलेली फुले उकळत्या पाण्यात भिजत घालून, गाळून, ते पाणी गरमच प्यायचे आणि पांघरूण घेऊन घाम येऊ द्यायचा, हा सर्दीच्या सुरुवातीचा युरोपीय घरगुती उपाय. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने एल्डरच्या फुलांना सर्दीच्या प्राथमिक लक्षणांसाठीचे पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली आहे. त्या मान्यतेचा आधार दीर्घकाळ चालत आलेला वापर हा आहे, कठोर चाचण्यांतून सिद्ध झालेला परिणाम हा नाही, हे समिती स्वतःच स्पष्ट करते. फळाच्या बाबतीत मात्र त्याच समितीने अशी शिफारस करण्याजोगी माहिती पुरेशी नाही, असे निवेदन काढले. म्हणजे आज बाजारात परंपरेच्या नावाने ज्याचा सर्वाधिक खप आहे ते फळ, आणि परंपरेच्या निकषावर जे तपासणीत उतरले ते फूल. जाहिरातींतून गळालेला सर्वांत मोठा तपशील हाच आहे.

फळ मुख्यतः स्वयंपाकघरात आणि मद्याच्या पिंपात जात असे. उत्तर जर्मनीत त्याचे गरम सूप करतात, इंग्लंडमध्ये त्याची वाइन करण्याची जुनी रीत आहे. शिजवलेल्या रसात मध किंवा साखर घालून आटवलेला पाक हिवाळ्यासाठी ठेवला जाई आणि घसा धरला की चमचाभर घेतला जाई, हे खरे. पण तो खाद्य आणि औषध यांच्या सीमेवरचा पदार्थ होता. फुलांचेही खाद्यप्रकार कमी नाहीत. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात अख्खा फुलोरा देठाला धरून पातळ पिठात बुडवून तळतात. रुमानियात फुले, लिंबू, साखर आणि पाणी काही दिवस आंबवून सोकाता नावाचे फसफसते पेय करतात. ब्रिटनमध्ये फुलांचे सरबत घरोघरी होते. फुले कोरड्या, उन्हाच्या दिवशी तोडायची, किडे झटकून टाकायचे पण फुले धुवायची नाहीत, असा या सरबताचा दंडक आहे, कारण वास आणि चव बरीचशी परागकणांत असते आणि पाण्याबरोबर ती निघून जाते.

फळाच्या रंगाने तर एकदा राजकारणातही प्रवेश केला. अठराव्या शतकात पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातील पोर्ट वाइनमध्ये एल्डरबेरीचा रस मिसळून हलकी वाइन गडद आणि उंची भासवण्याचा प्रकार फार बोकाळला. पंतप्रधान मार्क्विस द पोंबाल यांनी १७५६ मध्ये वाइनच्या व्यापारावर देखरेख ठेवणारी कंपनी स्थापन केली आणि त्या धोरणाचा भाग म्हणून त्या प्रदेशातली एल्डरची झाडे उपटण्याचा हुकूम दिला. त्या काळी या फळाने वाइनमध्ये भेसळ होत होती. आज या फळातच भेसळ होते आहे, ते पुढे येईलच.

लाकडाचा उपयोग वेगळ्याच कारणाने होतो. कोवळ्या फांदीच्या मध्यभागी पांढरे, मऊ, अतिशय हलके भेंड असते. ते काढून टाकले की सरळ पोकळ नळी मिळते. तिच्या शिट्ट्या, पाव्या आणि मुलांच्या खेळातल्या बंदुका होत, चुलीत फुंकर घालायची नळीही होई. कॅलिफोर्नियातील मूळनिवासी समाजांनी तिथल्या एल्डरपासून बासऱ्या आणि टाळासारखी वाजवायची दुभंगलेली काठी केली, आणि ती वाद्ये आजही वाजवली जातात. बाहेर काढलेले भेंडही वाया जात नसे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पानाचा पातळ छेद घ्यायचा तर ते पान एल्डरच्या भेंडाच्या फटीत धरून कापत. स्थिर विजेच्या प्रयोगात रेशमी दोऱ्याला टांगलेली हलकी गोळी याच भेंडाची असे. घड्याळजी नाजूक हत्यारांची टोके त्यात खुपसून स्वच्छ करीत.

श्रद्धांचे जग यापेक्षाही दाट आहे. डेन्मार्कच्या लोककथांत एल्डरच्या झाडात ‘हिल्डेमोर’ म्हणजे एल्डरमाता राहते. तिची परवानगी न घेता फांदी तोडली तर ती सूड घेते, आणि या लाकडाचा पाळणा केला तर त्यात बाळाला स्वस्थ झोपू देत नाही. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी हे झाड घराचे रक्षण करते असे मानत, तर काही ठिकाणी त्याचे लाकूड चुलीत घालणे अशुभ मानत. ज्या झाडाने बरेही वाटते आणि त्रासही होतो, त्याच्याविषयी आदर आणि भीती एकत्र नांदावी हे स्वाभाविक आहे. त्या भीतीतून सावधगिरी पुढच्या पिढीकडे जात असे.

फ्लूवर सिरप चालते का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एल्डरबेरीचा आधुनिक लौकिक १९९० च्या दशकात इस्रायलमध्ये तयार झालेल्या एका प्रमाणित अर्कापासून सुरू होतो. त्याच्यावर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा अभ्यास उत्साहवर्धक होता. २००४ मध्ये नॉर्वेतील अभ्यास आला. त्यात फ्लूची लक्षणे असलेल्या साठ जणांपैकी काहींना रोज चार वेळा १५ मिलिलिटर सिरप आणि बाकीच्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले सिरप, म्हणजे प्लॅसिबो, पाच दिवस देण्यात आले. अर्क घेणाऱ्यांना सरासरी चार दिवस आधी आराम पडला. हा आकडा फार मोठा आहे, आणि जाहिरातींत आजही तोच फिरतो.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातून लांबचा विमानप्रवास करणाऱ्या ३१२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एल्डरबेरीची कॅप्सूल घेणाऱ्या बारा जणांना आणि प्लॅसिबो घेणाऱ्या सतरा जणांना सर्दी झाली. हा फरक योगायोगानेही पडू शकला असता, त्यामुळे प्रतिबंध सिद्ध झाला नाही. ज्यांना सर्दी झाली त्यांच्यात मात्र अर्क घेणाऱ्यांची सर्दी कमी दिवस टिकली.

मग २०२० मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास आला. यात तपासणीने फ्लू झाल्याचे निश्चित केलेल्या, पाच वर्षांवरील ८७ रुग्णांची माहिती होती. अर्काचा कोणताही फायदा दिसला नाही. आजाराचा काळही कमी झाला नाही आणि तीव्रताही नाही. २०२१ च्या एका पद्धतशीर आढाव्याने तोवरचे सर्व अभ्यास एकत्र पाहून असे म्हटले, की एल्डरबेरी सर्दी होण्याचा धोका बहुधा कमी करत नाही, श्वसनाच्या आजाराचा काळ आणि तीव्रता थोडी कमी करू शकेल, पण पुरावा अनिश्चित आहे.

मी हे सारे वाचून जिथे येऊन थांबतो ते असे. चार दिवसांच्या दाव्यावर विसंबण्याइतका पाया त्यामागे नाही. अभ्यास लहान आहेत, त्यांपैकी काहींना उत्पादकांचे साहाय्य होते, आणि प्रत्येकात अर्क आणि मात्रा वेगळी होती. थोडासा आराम पडण्याची शक्यता खुली आहे. करोनाच्या विषाणूवर एल्डरबेरी काम करते याला मात्र पुरेसा आधार नाही.

प्रयोगशाळेत विषाणू अडतो, मग शरीरात का नाही?

एल्डरबेरीच्या अर्काने काचपात्रातील फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखले, असे अनेक प्रयोग आहेत आणि ते खोटे नाहीत. याचे श्रेय अँथोसायनिन या रंगद्रव्यांना आणि त्यांच्या जवळच्या फ्लॅव्होनॉइड संयुगांना दिले जाते. फळाचा काळसर जांभळा रंग अँथोसायनिनांचाच. पण काचपात्रात अर्क थेट पेशींवर ओतलेला असतो. आपण गिळलेला अर्क जठरात जातो, आतड्यात त्याचे तुकडे होतात, यकृत ते पुन्हा बदलते, आणि मूळ स्वरूपातील अँथोसायनिनांचा अगदी अल्प अंश रक्तात पोहोचतो. फ्लूचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरात वाढत असतो, आणि तिथवर पुरेशा प्रमाणात काय पोहोचते हाच खरा प्रश्न आहे. काचपात्रात यशस्वी ठरलेली असंख्य संयुगे या टप्प्यावर मागे पडतात.

पण लोकांना गुण येत होता, त्याचे काय?

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव झटकून टाकणे योग्य नाही. फुलांचा गरम काढा घेऊन बरे वाटत असे, यावर शंका घेण्याचे कारण नाही. त्याची काही कारणे मात्र झाडाबाहेरची आहेत. सर्दी आपोआप उतरणारा आजार आहे. लक्षणे सर्वांत जास्त असताना माणूस उपाय करतो आणि त्यानंतर ती उतरणीला लागतात, उपाय केला नसता तरी. शिवाय गरम पेयाचा स्वतःचा परिणाम असतो. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाने २००८ मध्ये तीस जणांवर केलेल्या अभ्यासात तेच फळांचे पेय गरम दिले असता नाक वाहणे, खोकला, घसादुखी आणि थकवा यांत तत्काळ आराम वाटल्याचे आढळले, खोलीच्या तापमानाला दिलेल्या पेयाने तितका वाटला नाही. काढा, पांघरूण, विश्रांती आणि कोणीतरी घेतलेली काळजी हा सगळा मिळून तो उपाय होता. थंड गोळी चघळून कामावर निघून गेले, तर त्या उपायातला फार थोडा भाग आपल्या वाट्याला येतो.

नैसर्गिक पदार्थाचा अपाय तो काय होणार?

योग्य रीतीने तयार केलेले फळाचे पदार्थ आणि फुलांचे पेय बहुतेक निरोगी प्रौढांना थोड्या दिवसांसाठी सुरक्षित आहेत. तरी काही जणांनी थांबून विचारणे आवश्यक आहे. ज्यांचे अवयव-प्रत्यारोपण झाले आहे किंवा स्वयंप्रतिकार आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अर्क घेऊ नये, कारण हे अर्क प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनांवर परिणाम करू शकतात असे काही प्रयोगांत दिसले आहे. अर्कामुळे प्रतिकारशक्ती बेफाम होते, या साथीच्या काळात पसरलेल्या भीतीला मात्र २०२१ च्या त्या आढाव्यात पुराव्याने दुजोरा मिळालेला नाही. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी सुरक्षिततेची माहिती अपुरी आहे. फुलांचा काढाही युरोपीय समितीने १२ वर्षांवरील व्यक्तींसाठीच सुचवला आहे, आणि आठवड्याभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले आहे.

दुसरी काळजी भेसळीची. साथीत मागणी एकदम वाढली, पण झुडपे काही महिन्यांत वाढत नाहीत. काळ्या तांदळातही गडद अँथोसायनिन असते आणि ते स्वस्त पडते, म्हणून त्याचा अर्क एल्डरबेरीच्या नावाने विकला गेल्याचे तपासणीत आढळले. रंगावरून फरक कळत नाही. रंगद्रव्यांची रासायनिक ठेवण तपासावी लागते, कारण दोन्ही वनस्पतींत अँथोसायनिनांचे प्रकार आणि त्यांची प्रमाणे वेगळी असतात. त्यामुळे स्वतंत्र प्रयोगशाळेच्या तपासणीचा उल्लेख नसलेल्या बाटलीवर केवळ रंग पाहून विश्वास ठेवू नये.

रानातून तोडणाऱ्यांसाठी

जिथे एल्डर उगवते तिथे लोक ते स्वतः तोडतात, आणि तोडणे शिकवतानाच ओळख शिकवली जाते. एल्डरची दोन-तीन भावंडे आणि दोन-तीन तोतये ध्यानात ठेवावे लागतात. खुजे एल्डर ही त्याचीच नातलग जात, पण ती अधिक विषारी आहे. तिला लाकडी खोड नसते, ती दरवर्षी जमिनीतून सरळ उगवते, आणि तिचे फळघोस पिकल्यावरही वर ताठ उभे राहतात, काळ्या एल्डरसारखे खाली झुकत नाहीत. अमेरिकेत पोकवीड या विषारी वनस्पतीची काळी फळे चुकून तोडली जातात, पण ती छत्रीत न लागता एका लांब, भडक गुलाबी दांड्याभोवती लागतात. पांढऱ्या छत्रीदार फुलोऱ्यामुळे वॉटर हेमलॉक या प्राणघातक वनस्पतीशीही घोटाळा होतो. तिचे खोड मऊ, हिरवे आणि पोकळ असते, तिच्यावर बुचासारखी साल नसते, आणि तिची पाने खोडावर समोरासमोर न येता आळीपाळीने येतात.

घोस घरी आणल्यावर काट्याच्या दातांनी फळे ओरबाडून देठांपासून वेगळी करतात. मग ती पाण्यात टाकतात. हिरवी फळे आणि देठांचे तुकडे बरेचसे वर तरंगतात आणि ते काढून टाकता येतात. उरलेली हिरवी किंवा लालसर फळे हाताने वेचावी लागतात. नंतर उघड्या भांड्यात फळे फुटून रस सुटेपर्यंत आणि त्यानंतरही काही वेळ उकळून मगच गाळतात, आणि बियांचा चोथा टाकून देतात. मिक्सरमध्ये कच्ची फळे फिरवून पिण्याची नवी पद्धत हा सगळा क्रम ओलांडते, म्हणून ती टाळावी. कच्ची फळे किंवा पाने पोटात गेल्यानंतर उलट्या थांबत नसतील, चक्कर येत असेल, श्वास जड होत असेल किंवा गुंगी येत असेल, तर घरगुती उपाय करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे आणि खाल्लेल्या झाडाची एक फांदी किंवा फोटो सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना ते कोणते झाड होते हे लगेच ठरवता येते.